खांद्यावरचा हात



आपल्या वर्गातला अंध मित्र माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रयोगशाळेत यायचा. आज मी इमारतींत बीकन बसवतो, ते त्या हाताच्या आठवणीने.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटरवर; त्यांचा क्षीण संदेश स्लॅबखाली नीट पोचत नाही. बीकन म्हणजे सेलवर चालणारी डबी. ती ब्लूटूथवरून आपला क्रमांक सांगत राहते. सिग्नलच्या जोरावरून फोन अंतर ताडतो. गर्दीत मात्र अंदाज चुकतो, कारण माणसांची शरीरं त्या लहरी शोषतात. म्हणून डब्या डोक्यांच्या वर लावायच्या.

लंडनच्या पिमलिको भुयारी स्थानकात अंध तरुणांनी अशी वाट काढून पाहिली आहे. मित्र विचारतो, "आपल्या स्टेशनात कधी रे?" त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तोवर खांदा आहेच.