बंदर गुजरातचे, कापूस आपला

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रकावर 'गुंतवणूक' हा शब्द पाहून काहींनी विचारले, हा आपला विषय कधीपासून झाला? आपण कापूस-ज्वारीवाले. गुंतवणूक म्हणजे मोठ्या शहरात मांडव पडतो, सुटाबुटातली माणसे येतात, करारांवर सह्या होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात लाख कोटींचे आकडे छापून येतात. आपला त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. मृग निघाला की बियाण्याच्या पिशव्या, खताची पोती आणि उसनवारीचा पैसा मातीत घालायचा आणि आभाळाकडे बघत बसायचे, याला गुंतवणूक नाही तर काय म्हणायचे? एवढी जोखीम घेणारा दुसरा कारखानदार देशात शोधून सापडणार नाही. शिवाय आता बाहेरची गुंतवणूकही आपल्या बांधाला येऊन टेकली आहे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये कापडाच्या सात मोठ्या पार्कांची ठिकाणे जाहीर केली. त्यात एक अमरावती आहे आणि एक गुजरातेतले नवसारी. अमरावतीच्या पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्यातून झाली. त्याच्या तीन आठवडे आधी पालघरला वाढवण बंदराची झाली. आता जमिनीचे दलाल पांढऱ्या गाड्या घेऊन फिरणार, पुढारी 'विकास येतोय' म्हणून सांगणार. अशा वेळी ज्या राज्याने हा उद्योग आपल्या आधी केला, तिथल्या शेतकऱ्याच्या हाती काय पडले हे पाहून घेणे बरे. म्हणून आज गुजरातबद्दल बोलायचे आहे.

गुजरातचे नाव निघाले की लगेच दोन तट पडतात. एकाला तिथे स्वर्ग दिसतो, दुसऱ्याला सगळा देखावा. आपण व्यापाऱ्याचा काटा तपासतो तसे एकेक वजन उचलून पाहू.

पहिली गोष्ट समुद्र. देशात सर्वांत लांब मुख्य किनारा गुजरातला आहे. जुन्या मोजणीने सोळाशे किलोमीटर, नव्या मोजणीने त्याहून बराच जास्त. फाळणीत कराची गेले, तेव्हा केंद्राने कांडला बांधले. पण राज्याने शहाणपणाचे काम केले ते पुढे. १९८२ मध्ये आपले सागरी मंडळ काढले आणि १९९५ मध्ये बंदर धोरण आणून खासगी भांडवलाला लहान बंदरांची दारे उघडली. पिपावाव आणि मुंद्रा ही त्याची फळे. मुंद्र्यात जहाजे लागू लागली ती १९९८ मध्ये; २०२४-२५ मध्ये त्या एका बंदरातून २० कोटी टन माल गेला-आला. देशाच्या बंदरांतला सुमारे ४० टक्के माल आज गुजरातच्या किनाऱ्यावरून हलतो. बंदर आले म्हणून रस्ता आला, रेल्वे आली, १९९९ मध्ये जामनगरला तेलशुद्धीकरण कारखाना आला. जिथे माल स्वस्तात आणि वेळेवर हलतो तिथे भांडवल आपण होऊन येते, त्याला आरती ओवाळावी लागत नाही. २००३ पासून तिथे गुंतवणूक परिषदा भरतात, त्यांचा गाजावाजा फार. पण करारावरची सही म्हणजे उभा कारखाना नव्हे. ज्वारी पोटरीत आली म्हणून कोणी कणगी भरत नाही!

बंदराला दोन्ही बाजूंनी दार असते, हे मात्र कापूसवाल्याने विसरू नये. रुई परदेशी जाते त्याच धक्क्यावर परदेशातली रुई उतरतेही. ५ मार्च २०१२ ला दिल्लीने एका हुकुमाने रुईची निर्यात बंद केली. बंदरे होती, जहाजे होती, परदेशात गिऱ्हाईकही होते. आरडाओरड झाल्यावर आठवडाभरात हुकूम मागे घ्यावा लागला, पण तेवढ्या दिवसांत ज्याने घाबरून माल काढला तो काढला. आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून रुईवरचे ११ टक्के आयात शुल्क शून्य केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. आपली वेचणी कधी सुरू होते ते तुम्हाला सांगायला नको. किनाऱ्यावर कितीही पैसा ओता, दाराची किल्ली दिल्लीच्या खिशात राहिली तर बंदर शेतकऱ्याच्या बाजूचे की विरुद्ध, हे दर हंगामाला बदलणार.

आता शेतात येऊ. आपल्याकडे १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी चालली. आपण पिकवायचे, सरकारी काट्यावर घालायचे, चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने थांबायचे. शेजारच्या राज्यात भाव चढलेला असला तरी कापूस सीमेपलीकडे नेला की आपण चोर. रात्री बैलगाड्या कशा जात, नाक्यावर काय द्यावे लागे, हे इथल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे. २००२ नंतर खासगी व्यापाऱ्यांना परवाने मिळू लागले तेव्हा ही कोंडी फुटली. त्या तीस वर्षांत गुजरातच्या शेतकऱ्याचा कापूस बाजारात मोकळा होता. विकत घेणारे चार असले की जिन टाकायला लोक पुढे येतात. कडी, बोटाद, राजकोट, गोंडल इकडे जिनिंग-प्रेसिंग वाढले, सरकीच्या तेलाच्या गिरण्या आल्या. आज खानदेश-विदर्भातला कापूस ट्रक भरभरून तिकडच्या जिनिंगला जातो. रुईचा उतारा त्यांच्या दारात, सरकी त्यांच्या दारात, पेंड त्यांच्या दारात. आपल्याकडचे भांडवल कोणी लुटून नेले नाही, आपल्याच सरकारने त्याला तीस वर्षे वेशीबाहेर उभे केले होते.

बियाण्याचेही तसेच. जगातला पहिला संकरित कापूस, संकर-४, सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये दिला. ऑक्टोबर २००१ मध्ये गुजरातच्या शेतांत परवानगी नसलेला बीटी कापूस उभा सापडला. दिल्लीचा हुकूम सुटला, उपटा आणि जाळा. शेतकऱ्यांनी तो वेचला आणि विकला. पुढच्या मार्चमध्ये बीटीच्या तीन वाणांना रीतसर मान्यता मिळाली. २०००-०१ च्या दुष्काळी साली गुजरातचा कापूस तीस लाख गाठींच्याही आत होता, तो २००७-०८ मध्ये शंभर लाखांच्या वर गेला.

हे सगळे बियाण्याने झाले असे कोणी सांगितले तर मानू नका. त्या वर्षांत पाऊस चांगला होता, आणि तिकडे कापसाच्या निम्म्याहून जास्त क्षेत्राला पाणी आहे. आपले बहुतेक क्षेत्र आभाळावर. पुढे २०१४-१५ च्या सुमारास गुलाबी बोंडअळीने तिथेही दात दाखवले, अनेकांनी कापूस मोडून भुईमूग धरला. पण पाणी आले कुठून, हे पाहण्यासारखे आहे. सौराष्ट्र आपल्यासारखाच खडकाळ आणि तहानलेला. जानेवारी २००० मध्ये सरकारने योजना काढली : बंधाऱ्याच्या खर्चातले साठ टक्के सरकारचे, चाळीस गावाचे. कंत्राटदाराऐवजी काम गावाच्या हाती. पुढे गावाचा वाटा वीस टक्क्यांवर आणला. सरकारी आकड्यांनी असे लाखावर बंधारे झाले. सगळेच धड झाले नसतील, खालच्या धरणांत पाणी कमी येते अशी तक्रारही आहे. तरी विहिरींना पाझर आला. मग २००३ ते २००६ मध्ये शेतीचा फिडर गावठाणाच्या फिडरपासून वेगळा केला आणि शेतीला आठ तास, पण पुऱ्या दाबाची वीज ठरवून दिली. मोटारी जळायच्या थांबल्या. चोवीस तासांचे आश्वासन आणि रात्री दोनला येणारी मरतुकडी वीज, यापेक्षा ठरलेले आठ तास शेतकऱ्याला परवडतात.

इथे एक हिशेब मांडू. धोलेरा येथे चिप बनवण्याचा कारखाना होतो आहे. १३ मार्च २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. खर्च ९१,००० कोटी, आणि नोकऱ्या सांगितल्या वीस हजार. म्हणजे एका नोकरीमागे साडेचार कोटी. धोरणाप्रमाणे यातला निम्मा खर्च केंद्र सोसते आणि त्यावर केंद्राच्या मदतीच्या चाळीस टक्के राज्य घालते. शंभरातले सत्तर सरकारचे, तीस मालकाचे. सौराष्ट्रातल्या फाटक्या धोतराच्या शेतकऱ्याने बंधाऱ्यासाठी शंभरातले चाळीस स्वतःचे घातले. तरी त्याला मिळते ते अनुदान आणि याला मिळते ते प्रोत्साहन! चिप देशाला नको असे आमचे म्हणणे नाही, हवीच आहे. पण जास्त टक्का ज्याने घातला त्याला भिकारी म्हणू नका.

धोलेऱ्याचे नाव निघाले तर जमिनीकडे वळू, कारण उद्या तुमच्यापैकी अनेकांसमोर हाच प्रश्न येणार आहे. खंभातच्या आखाताकाठच्या त्या भागाला भाल म्हणतात. आपली रब्बी ज्वारी जशी जमिनीतल्या ओलीवर येते, तसा तिथे गहू येतो, एकही पाणी न देता. त्या भालिया गव्हाला २०११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. २००९ मध्ये राज्याने विशेष गुंतवणूक क्षेत्राचा कायदा केला आणि २२ गावांची ९२० चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी आखली. कायद्याची खुबी अशी की जमीन 'संपादन' करायची नाही. नगररचनेच्या नियमाने निम्म्यापर्यंत कापून घ्यायची आणि उरलेली परत द्यायची, तीही कदाचित दुसऱ्या जागी. ज्याला विकायचेच आहे त्याला यात फायदा असू शकतो, उरलेल्या निम्म्याचा भाव चढतो. ज्याला कसायचे आहे त्याचे निम्मे शेत गेले. बटाईने करणाऱ्याचे तर कागदावर नावच नाही. आम्हाला नर्मदेचे पाणी द्या, शहर नको, म्हणून तिथले शेतकरी हायकोर्टात गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये कोर्टाने जैसे थे ठेवायला सांगितले. सरकारी जमिनीवरचे काम पुढे चालूच राहिले. दलालांनी मात्र कायदा झाल्यापासून प्लॉट विकायला काढले होते. कायदा आणि चिपच्या कारखान्याची पायाभरणी यांत पंधरा वर्षे गेली, हे प्लॉटच्या जाहिरातीत छापत नाहीत.

दुसरे उदाहरण मांडल-बेचराजीचे. तिथे ४४ गावे आखली होती. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन गांधीनगरला निघाले. मोठमोठ्या गुंतवणूकदारांना बोलावणाऱ्या सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये ३६ गावे वगळली. कारखाने पळून जातील अशी भीती घालणारे तेव्हाही होते. पण त्याच भागात हंसलपूरला मोटारींचा कारखाना झाला आणि २०१७ पासून चालू आहे. शेतकऱ्याने 'नाही' म्हटले म्हणून भांडवल पळाले नाही, जमीन थोडी जपून वापरायला शिकले.

'नाही' म्हणण्याचा हा अधिकार २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने दिला होता. खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के जमीनमालकांची संमती हवी. गुजरातने २०१६ मध्ये दुरुस्ती करून औद्योगिक पट्ट्यांसारखी कामे त्या अटीतून काढून घेतली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये तोच कित्ता गिरवला. बंदराचे धोरण उचलायला आपल्या सरकारला किती वर्षे लागली आणि हे उचलायला किती, ते बघा!

मग अमरावतीचा पार्क नको का? हवा. सूत इथे निघावे, कापड इथे विणावे, आपल्या पोरांना घरापासून वीस कोसांवर काम मिळावे. पण पार्क झाला म्हणून कापसाला भाव मिळेल, हे खरे नाही. तिथल्या गिरणीला परदेशी रुई स्वस्त पडली तर ती वाढवणवरून आणील. भाव मिळेल तो गिरणीला आपला कापूस खुल्या लिलावात घ्यावा लागला तर, आणि आपल्याला तिला सोडून दुसरीकडे, कडीला किंवा थेट बंदरावर, माल नेता आला तर. बाजार पुन्हा बंद करणारा कोणताही हुकूम, मग तो गिरणीच्या सोयीसाठी असो की 'शेतकऱ्यांच्या हितासाठी', आपल्याला चालणार नाही.

जमिनीबाबत एकच सांगतो. भाड्याने देता येत असेल तर विकू नका. सौर कृषी वाहिनीच्या योजनेत हेच सरकार हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ देते. सौर पॅनेलांसाठी भाडेपट्टा चालतो, तर गोदामासाठी आणि कारखान्यासाठी का चालत नाही, हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारायचा आहे. त्याचा मसुदा तयार आहे, जेवणानंतर वाचून दाखवू. दुरुस्त्या सुचवा.

ज्यांच्या गटाचे नंबर एखाद्या अधिसूचनेत आले आहेत, त्यांनी सातबारा आणि फाळणीनकाशाची नक्कल घेऊन मांडवाच्या डाव्या बाजूला बसावे. कोणी इसार घेतला असेल तर लाजू नका, इसारपावती घेऊन या. मुदत किती, बाकी रक्कम कधी, आणि व्यवहार मोडला तर इसार कोणाचा, या तीन ओळी आधी वाचायच्या आहेत. त्या नसतील तर तसे आजच सांगा, उद्या दलाल पुन्हा गावात येणार आहे.