मळीची परतफेड

दिवाळीआधी घराला चुना देताना बादलीत तो भिजत ठेवतो ना आपण? रात्रीत वरच्या निवळीवर पातळ पापुद्रा धरतो, दुधावर साय धरावी तसा. परवा आमच्या गटाच्या बैठकीत या पापुद्र्यावरच बोलणं निघालं. भिजलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. भिंतीवरचा चुना घट्ट बसतो तोही यामुळेच. हाच वायू वाढल्यानं उन्हाळे तापतात, पाऊस बेभरवशाचा होतो.

चुन्याचा हा गुण पोलाद कारखान्यांच्या मळीतही आहे. उसाची मळी नव्हे बरं का! लोखंडाचा खनिज दगड भट्टीत वितळवताना चुनखडी घालतात. ती दगडातली घाण धरून वर तरंगते. थंड झाल्यावर दगडासारखी होते, तिलाच स्लॅग म्हणतात.

इंग्लंडमध्ये कन्सेट इथला पोलाद कारखाना १९८० साली बंद पडला, पण मळीचे ढीग राहिले. त्यांतून झिरपणारं पाणी हवेतला कार्बन घेतं आणि ओढ्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. वर्किंग्टनच्या समुद्रकाठी तर मळीचा कातळच झाला. त्यात अडकलेली डब्याची कडी अभ्यासकांना सापडली. तशी कडी १९८९ पूर्वी बनतच नव्हती. म्हणजे फार तर ३५ वर्षांत मळीचा कातळ!

मग कारखान्यांचं पाप फिटलं का? आपण गटाच्या वहीत मांडतो तसा हिशोब मांडू. भट्टीत कोळसा जाळून एक टन पोलाद करताना साधारण २,००० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मळी निघते सुमारे ३०० किलो. तिनं अगदी पूर्ण ताकदीनं वायू ओढला, तरी फार तर १०० ते १२५ किलो. दोन हजारांचं कर्ज आणि सव्वाशेची परतफेड! चुनखडी भाजताना गेलेला वायू काहीसा परत येतो, कोळशाचं कर्ज तसंच राहतं.

तेवढी परतफेडही आपोआप होत नाही. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. मळी दळून पसरली तर काम लवकर होतं, पण दळायला वीज लागते. झिरपणारं पाणी चुन्याच्या पाण्यासारखं दाहक असतं, ओढ्यातल्या जीवांना मारतं. काही मळीत क्रोमियमसारखे धातूही असतात.

म्हणून आमचं म्हणणं असं : जुने ढीग पडलेलेच आहेत, तर त्यांच्याकडून हे काम जरूर करून घ्यावं. पण त्याच्या नावावर नवा धूर सोडायची मोकळीक कुणी मागू नये. आणि उद्या गावाजवळ मळी टाकून कुणी “यानं हवा शुद्ध होते” म्हणालं, तर ग्रामसभेत उठून तीन गोष्टी विचारा. किती वायू ओढला जाणार आणि तो मोजणार कोण? झिरपलेलं पाणी जाणार कुठं? विहिरीचं पाणी कोण तपासणार?

कर्ज देताना आपण एवढं विचारतोच की! मग आपल्या पाण्यासाठी का नको?