घरची वही आणि संघटनेची वही

(टपाल खात्यातील एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या शोकसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी नाना आपल्यातून गेले. कचेरीत, चाळीत, संघटनेत सगळे त्यांना नानाच म्हणत, म्हणून मीही आज तेवढेच नाव घेणार आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या प्रेमळ स्वभावाविषयी आणि कुटुंबवत्सलतेविषयी पुष्कळ सांगितले. ते सर्व खरे आहे. परंतु त्यांच्या याच कुटुंबवत्सलतेवरून एके काळी आम्ही त्यांची थट्टा केली होती. तरुणपणी आम्ही त्यांना ‘घरकोंबडा’ म्हणत असू, आणि असे म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. आज त्यांच्या कुटुंबासमोर उभा असताना त्या शब्दाचा हिशेब देणे मला माझे पहिले कर्तव्य वाटते.

नाना १९५७ साली रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर म्हणून लागले. आजच्या तरुण कॉम्रेड्सना हे काम काय होते याची कल्पना येणार नाही. रात्रीच्या गाडीला जोडलेल्या टपालाच्या डब्यात, धावत्या गाडीचे हिसके सोसत, भिंतीवरच्या खणांसमोर उभे राहून पत्रे लावायची. वर्धा, बैतूल, इटारसी अशी स्थानके मागे पडत, आणि प्रत्येक स्थानकावर बांधून, लाख लावून, शिक्का मारून तयार असलेली थैली खाली द्यावी लागे. पिनकोड आला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तोवर कोणत्या खेड्याचे टपाल कोणत्या मार्गाने जाते हे सॉर्टरला पाठ असावे लागे. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील वेडीवाकडी अक्षरे कंदिलासारख्या मंद दिव्याखाली वाचायची आणि पहाटे सुजलेल्या पायांनी घरी परतायचे, असा तो क्रम होता.

घरी परतल्यावर नाना झोपत नसत. आधी नळावरचे पाणी भरत, आजारी आईचे औषधपाणी पाहत, मुलांना शाळेत पोहोचवत आणि मग डोळे मिटत. सुटीच्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांचा हात चाले. त्या काळी पुरुषाने पोळ्या लाटणे म्हणजे चाळीत हसण्याचा विषय होता. संध्याकाळच्या सभांनाही ते क्वचितच येत. आम्ही यावरून निष्कर्ष काढला की हा मनुष्य संसारात बुडालेला आहे आणि लढ्याच्या दृष्टीने निकामी आहे.

या निष्कर्षाला एक आधारही होता, तो मी लपवणार नाही, कारण नानांनी स्वतः तो कधी लपवला नाही. ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप सुरू झाला. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरवला, हजारो कर्मचारी तुरुंगात गेले आणि पाच दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. त्या संपात नाना कामावर गेले. वडील नव्हते, बहिणीचे लग्न ठरले होते, नोकरी तात्पुरती होती. ज्या सहकाऱ्याच्या खणांसमोर उभे राहून त्यांनी त्या रात्री टपाल लावले, तो सहकारी पुढे कित्येक महिने निलंबित राहिला. संघटनेत नव्याने येणाऱ्या प्रत्येक तरुणाला नाना ही गोष्ट सांगत, आणि तीत कोणतीही सबब जोडत नसत.

मग १९६० ते १९६८ या आठ वर्षांत काय घडले? नानांच्या विचारात परिवर्तन झाले असे आपण सहज म्हणतो. हे परिवर्तन पुस्तकातून आले नाही, घरच्या हिशेबाच्या वहीतून आले.

कॉम्रेड्स, आपल्या सर्वांना ठाऊक आहे की जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा निकष ठरवून दिला. कामगारामागे तीन उपभोग-घटक धरावेत, प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक मिळतील इतके अन्न धरावे, चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरावे, घरभाडे धरावे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के धरावेत, असा तो निकष होता. दुसऱ्या वेतन आयोगाने हा निकष केंद्रीय कर्मचाऱ्यांना लागू करण्याचे नाकारले आणि किमान वेतन ८० रुपयांवर ठेवले. आम्ही सभांतून या निकषावर भाषणे करीत असू. आकडे आम्हाला पाठ होते. त्यांचा अर्थ मात्र नानांनी आम्हाला समजावला.

एके दिवशी विश्रांतीगृहात त्यांनी आपली वही उघडली. ज्वारी इतकी, गोडेतेल इतके, आईची औषधे इतकी, वाण्याची उधारी इतकी. त्यांनी परिषदेचा निकष एका बाजूला लिहिला होता आणि घरचा खर्च दुसऱ्या बाजूला. ते म्हणाले, “या निकषात चार माणसे आहेत. माझ्या घरात जेवायला सहा बसतात. आई यात कुठेच नाही. आणि सरकार हा चौघांचा हिशेबही मानायला तयार नाही.” एवढे बोलून त्यांनी वही मिटली. गरजेवर आधारित किमान वेतन ही मागणी म्हणजे आपल्या चुलीचाच प्रश्न आहे, हे त्या दिवशी अनेकांना प्रथम उमगले.

१९ सप्टेंबर १९६८ रोजी याच मागणीसाठी केंद्रीय कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा लाक्षणिक संप केला. सहा दिवस आधी पुन्हा वटहुकूम निघाला होता. एका दिवसाच्या संपाला सरकारने काय उत्तर दिले हा इतिहास आहे. धरपकड झाली, पठाणकोटला रेल्वे कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कामगारांचे प्राण गेले, संघटनांची मान्यता काढून घेतली गेली. या वेळी नाना कामावर गेले नाहीत. त्यांचे धाकटे मूल तेव्हा चार महिन्यांचे होते. आदल्या रात्री मी त्यांना विचारले की घराचे काय? ते म्हणाले, “साठ साली घराचाच विचार करून गेलो होतो. आता घराचाच विचार करून जात नाही.”

त्यांना निलंबित करण्यात आले. मी तर तात्पुरत्या सेवेत होतो. माझी सेवा नियम ५ खाली, कोणतेही कारण न देता, एका नोटिशीने संपवण्यात आली. निलंबित कर्मचाऱ्याला निदान अर्ध्या पगाराच्या रजेइतका निर्वाह भत्ता मिळतो, काढून टाकलेल्याला काहीही मिळत नाही. नाना दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला घरी जेवायला बोलावत आणि निघताना हातात पंधरा रुपये ठेवत. माझ्यासारखे आणखी तिघे होते. ज्याला मी घरकोंबडा म्हणत होतो, त्याच्या अर्ध्या पगारावर माझे घर दोन वर्षे तगले. पुढे संघटनेच्या प्रयत्नाने आम्हाला परत घेतले गेले.

गेल्या आठवड्यात मी सांत्वनासाठी गेलो असता वहिनींनी ती वही मला दाखवली. सप्टेंबर १९६८ नंतरच्या पानांवर डाव्या बाजूला घरखर्च आहे आणि उजव्या बाजूला आम्हा चौघांची नावे व रकमा आहेत. त्या पानांवरील अक्षर नानांचे नाही, वहिनींचे आहे. त्याच पानांवर शिलाईच्या जमेच्या नोंदी आहेत, परकर इतके, झबली इतकी. म्हणजे माझ्या पंधरा रुपयांतील काही रुपये त्या शिलाईचे होते. वहिनी, पन्नासहून अधिक वर्षे मी हे ऋण एकट्या नानांच्या नावावर मांडत आलो. श्रम परिषदेच्या निकषात स्त्रीची मिळकत हिशेबात धरू नये असे म्हटले होते. कामगाराला पूर्ण कुटुंबाचे वेतन मिळावे हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण आम्ही संघटनेच्या लोकांनी तर स्त्रीचे श्रमही हिशेबात धरले नाहीत. नाना ते धरत होते. म्हणूनच ते संध्याकाळच्या सभांना येत नसत, घरी थांबत आणि वहिनींना शिलाईला बसता यावे म्हणून मुले सांभाळत. ही आमची चूक होती, आणि ती केवळ माझ्या एकट्याची नव्हती.

१९९४ साली नाना अठ्ठावन्न वर्षांचे होऊन निवृत्त झाले. सेवानियमांनुसार सरकारी नोकराला राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. नाना नियम पाळणारे होते. निवृत्तीनंतर पंधरवड्यातच त्यांनी पक्षाच्या सभासदत्वाचा अर्ज भरला. तेव्हापासून अखेरपर्यंत त्यांचे काम ठरलेले होते. मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून देणे, थकबाकीचा पाठपुरावा करणे, आणि दर नोव्हेंबरात थकलेल्या पेन्शनरांना सोबत घेऊन हयातीचा दाखला देऊन आणणे. यात भाषण नव्हते, हार-तुरे नव्हते. पण या शहरात कितीतरी विधवा भगिनींची चूल या कामामुळे विझली नाही.

पेन्शनविषयी नाना नेहमी एका निकालाचा दाखला देत. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात स्पष्ट केले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नाही, तो कर्मचाऱ्याने सेवेने मिळवलेला हक्क आहे. मात्र १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी हा हक्क बाजाराच्या हवाली करण्यात आला. नानांचा नातू २०१२ साली केंद्रीय सेवेत लागला. आजोबांच्या हाती निश्चित निवृत्तिवेतन आणि नातवाच्या पगारातून दरमहा १० टक्के कपात होऊन शेअर बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असलेले म्हातारपण, असे दोन कायदे एकाच उंबरठ्याच्या आत नांदू लागले. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील राज्य कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संपावर गेले, तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे नाना काठी टेकत त्यांच्या सभेला जाऊन बसले होते. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत पेन्शनचा पर्याय दिला. निश्चित रकमेची हमी अंशतः मान्य करावी लागली, हे लढ्याचेच फळ आहे. पण त्यातही कर्मचाऱ्याच्या पगारातील कपात कायम आहे, आणि पूर्ण लाभासाठी पंचवीस वर्षांच्या सेवेची अट आहे. लढाई संपलेली नाही.

कॉम्रेड्स, शोकसभेत आपण संकल्प करतो आणि घरी गेल्यावर विसरतो. म्हणून मी दोनच कामे सुचवतो. येत्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे काम या शाखेने नानांच्या पद्धतीने करावे, आणि त्यासाठी आजच चार जणांनी नावे द्यावीत. दुसरे म्हणजे जुन्या पेन्शनच्या प्रत्येक सभेला कर्मचाऱ्याबरोबर त्याच्या घरच्या माणसांना सन्मानाने बोलवावे, आणि सभेची वेळ ठरवताना त्या घरातील स्त्रीला ती सोयीची आहे का हे आधी विचारावे.

वहिनी, ती वही आपण संघटनेच्या कार्यालयासाठी देऊ केली आहे. आम्ही ती कपाटात कुलूपबंद ठेवणार नाही. किमान वेतन म्हणजे काय हे नव्या सभासदाला शिकवताना ती समोर उघडून ठेवू, आणि ती कोणाच्या अक्षरात आहे हेही सांगू.

नानांच्या स्मृतीस माझा अखेरचा लाल सलाम.