दाढ राखावी की काढावी?

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ या म्हणीचा अर्थ कर्जतच्या शाळेत मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. तो मला स्वतःला मात्र फार उशिरा समजला.

वीस वर्षांपूर्वी, वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, माझी खालची डावी दाढ रात्रभर ठणकली. लवंगेचे तेल झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या. सकाळी दंतवैद्य म्हणाले, “रूट कॅनॉल करून दाढ राखता येईल, मात्र तीन खेपा घालाव्या लागतील.” मी म्हणालो, “मला सवड नाही, काढून टाका.” दाढ निघाली आणि दुपारी मी उत्तरपत्रिका तपासीत बसलो. आपण मोठे शहाणपण केले, असे मला वाटले. पुढे काही वर्षांत मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली, वरची खाली उतरू लागली, फटीत अन्न अडकू लागले. तेव्हापासून तांदळाची भाकरी मी एकाच बाजूने चावतो.

दाताच्या गाभ्यात नस व रक्तवाहिन्या असतात. कीड तेथवर पोचली की नस सुजते; भोवतीचे कवच कठीण असल्याने त्या सुजेला पसरावयास जागा मिळत नाही, म्हणून ठणका असह्य होतो. रूट कॅनॉलमध्ये ही नस काढतात, मुळांतील नलिका स्वच्छ करतात, आणि गट्टापर्चा नावाचा, झाडाच्या चिकापासून होणारा पदार्थ त्यांत भरतात. दाढ असल्यास वर बहुधा टोपी बसवितात. ठणका कधी कधी औषधावाचून आपोआप थांबतो. तेव्हा रोग बरा झाला असे मानू नये. नस मेलेली असते आणि रोग मुळाखालच्या हाडात चालूच असतो.

असा निर्जीव दात अंगभर विष पसरवितो, अशी भीती पुष्कळांना वाटते. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने 1910 साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे केलेल्या भाषणानंतर या समजुतीस जोर चढला आणि असंख्य लोकांचे राखण्याजोगे दातही उपटले गेले. पुढील संशोधनापुढे ते मत टिकले नाही.

तथापि प्रत्येक दाढ राखावीच, असे माझे म्हणणे नाही. मूळ उभे चिरले असेल, टोपीला आधार देण्याइतका दात हिरडीवर उरला नसेल, अथवा हाड झिजून दाढ डुगडुगत असेल, तर ती काढणेच बहुधा इष्ट. म्हणून दंतवैद्यास तीन गोष्टी विचाराव्यात : मूळ शाबूत आहे काय? वर पुरेसा दात उरला आहे काय? आणि दाढ काढल्यास त्या जागी काय बसवावयाचे व त्यास खर्च किती?

खर्चाचा प्रश्न लहान नाही. खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवरील मजुरास तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची रोजी. टोपीचे पैसे निराळे. त्याने दाढ काढविली तर त्यास अडाणी म्हणण्याचा आपणास अधिकार नाही. त्यास एवढे तरी सांगावे की, कर्जतची गाडी मुंबईस जेथे थांबते, त्या स्थानकाशेजारीच सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दाढ काढविण्यापूर्वी तेथे एकदा दाखवावी.

गेल्या पावसाळ्यात माझी उजवी दाढ ठणकली. चावण्यास उरलेली बाजू तीच. मनात पुन्हा तेच आले : एकदाची काढून टाकावी! पण या खेपेस प्रथम औषधाने ठणका शमविला, क्ष-किरणांचे छायाचित्र काढविले. मूळ शाबूत होते. मग भर पावसात तीन खेपा घातल्या, निवृत्तिवेतनातून टोपीही बसविली. दाढ जागेवर आहे.

श्रोतेहो, दाढ राखणे वा काढणे, दोन्ही योग्य असू शकेल. परंतु हा निर्णय ठणक्याच्या रात्री करू नये. ठणक्यास तेवढी एकच रात्र दिसते. दाढेशी आपला संबंध जन्माचा असतो.