कोर्टाने न ऐकलेलं 'का'

विधी शाखेच्या नव्या पदवीधरांनो, सनद हाती आली की अभिनंदनं थांबतात आणि तारखा सुरू होतात, म्हणून आपल्या व्यवसायाविषयीची जुनी तक्रार आजच मांडतो. आपण साक्षीदाराला "हो की नाही, एवढंच सांगा" म्हणतो. ज्या उत्तराला चार वाक्यं लागतात, ते नोंदीवर येतच नाही. याचा सर्वांत बोलका दाखला ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातला. 1982मध्ये तिथल्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वादोर आणि ग्वातेमालातून जीव वाचवून आलेल्यांना जाहीरपणे आसरा दिला. सरकारने चर्चच्या बैठकांत खबरे पेरले, अंगावर लपवलेल्या यंत्रांनी बोलणं टेप केलं आणि आसरा देणाऱ्यांवर खटला भरला. आरोपींची धर्मश्रद्धा, निर्वासितांविषयीचा कायदा, त्या देशांतला हिंसाचार, यांपैकी काहीच न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे येऊ दिलं नाही. 1986मध्ये आठ जण दोषी ठरले. त्यांनी काय केलं ते ज्यूरीने ऐकलं. का केलं, ते ऐकलंच नाही.

हे 'का' कुठेतरी बोललं गेलंच पाहिजे, आणि स्थलांतराच्या कायद्यांवरून दुभंगलेल्या अमेरिकी गावांत त्यासाठी चर्चने दोन्ही बाजूंना बोलावून घेतलेली बैठक ही योग्य जागा आहे, असं माझं मत आहे. अलाबामाने 2011मध्ये एचबी 56 हा कायदा केला. कागदपत्रं नसलेल्याला जाणूनबुजून आसरा देणं, गाडीतून नेणं त्याने गुन्हा ठरवलं. आमचं सेवाकार्यच गुन्हा ठरेल, म्हणून एपिस्कोपल, मेथडिस्ट आणि कॅथलिक बिशप कोर्टात गेले. केंद्र सरकारच्या स्वतंत्र दाव्यात ते कलम रोखलं गेलं. पण कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रॉबर्ट बेंटलीही बाप्टिस्ट चर्चचे डीकन होते. म्हणजे कायदा करणारे आणि त्याविरुद्ध लढणारे, दोघांचाही रविवार प्रार्थनेतच जात होता. युटाहमध्ये 2010 साली व्यापारी, पोलिस अधिकारी आणि धर्मगुरू स्थलांतराविषयीच्या पाच तत्त्वांच्या 'युटाह काँपॅक्ट' या जाहीरनाम्यावर एकत्र आले. मॉर्मन चर्चने पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी विधिमंडळाने पोलिसी कारवाईच्या कायद्यासोबत स्थलांतरित कामगारांना परवाने देणारा कायदाही केला. तो केंद्राच्या परवानगीअभावी कागदावरच राहिला, तरी दोन्ही बाजूंना विधिमंडळात जागा मिळाली.

चर्चने स्वतःच बाजू घेतली असेल तर ते यजमान कसं, असा आक्षेप घेतला जातो. यजमानाला मत असायला हरकत नाही. ते त्याने उघड सांगावं आणि सीमेवर कडक बंदोबस्त मागणाऱ्यालाही पुरता वेळ द्यावा. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: ज्याच्या हाती हद्दपारीची नोटीस आहे, त्याला या सभ्य चर्चेचा काय उपयोग? आज फारसा नाही. त्याला आज वकील हवा. पण कायदा बदलायला मतं लागतात, आणि ज्याचं मत वळवायचं, त्याचं म्हणणं आधी ऐकावं लागतं.

म्हणून एकच बजावतो. अशा बैठकीत कायदा समजावायला गेलात, तर उलटतपासणी दाराबाहेर ठेवा. कुणालाही कागदपत्रं आहेत का, असं विचारू नका; बोलण्याची किंमत म्हणून कबुली मागू नका. टूसॉनमध्ये ऐकणारेच खबरे निघाले होते, आणि प्रार्थनास्थळी अटक टाळण्याचं केंद्राचं धोरणही जानेवारी 2025मध्ये मागे घेतलं गेलं आहे. कोर्टात समोरचा निरुत्तर झाला की आपण जिंकलो असं मानतो. त्या बैठकीत समोरचा निरुत्तर झाला, तर बैठक फसली असं समजा.