पितळेच्या अंगचा ताण

शेगांवीं श्रीगजाननमहाराजांच्या दर्शनास येणारा यात्रेकरू परततांना पुष्कळदां पितळेची समई, घंटा किंवा निरांजन घेऊन जातो. घेतांना तो वस्तूचा घाट पाहतो, टिचकी मारून तिचा नाद ऐकतो आणि झळाळी पाहून समाधान पावतो. देवघरापुरती ही परीक्षा पुरेशी आहे. परंतु त्याच शेगांवच्या स्थानकावर भुसावळकडे जाणारी गाडी धरली आणि नांदुरा, मलकापूर, बोदवड हीं स्थानकें मागें टाकलीं, म्हणजे भुसावळच्या अलीकडे वरणगांव लागतें. येथें १९६४ सालीं स्थापन झालेली आयुधनिर्माणी असून तींत सैन्याच्या बंदुकांचीं काडतुसें तयार होतात. त्या काडतुसाची पुंगळीहि पितळेचीच. मात्र समईची परीक्षा पुंगळीला लागू पडत नाहीं. कारण पुंगळीचा गुणदोष तिच्या झळाळींत नसून तिच्या अंगांत दडलेल्या ताणांत असतो.

काडतुसाचे घटक चार: पुढें गोळी, आंत दारू, बुडाशीं ठिणगी पाडणारी टोपी आणि या तिघींना एकत्र धरणारी पुंगळी. पुंगळीच्या पितळेंत शंभर भागांपैकीं सामान्यतः ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. या प्रमाणाचें पितळ थंड असतांनाहि पुष्कळ ताणतां येतें. कारखान्यांत पत्र्याची वाटोळी चकती प्रथम वाटीसारखी दाबतात आणि मग ती वाटी उत्तरोत्तर अरुंद होत जाणाऱ्या साच्यांतून ओढून तिची लांब नळी करतात. परंतु प्रत्येक ओढणीसरशीं पितळ अधिक कठीण होत जातें. तांबट भांडें मठारतो तेव्हांहि हेंच घडतें. ठोक्यांनीं धातु आडमुठा झाला कीं भांडें पुन्हां भट्टींत घालून त्याला मऊपणा आणावा लागतो. पुंगळीलाहि दोन ओढण्यांच्या मध्यें असाच ताव द्यावा लागतो. तापलेलें पोलाद पाण्यांत विझविलें तर तें कठीण होतें. पितळेचें तसें नाहीं. तें पाण्यांत बुडवा कीं हवेंत निवूं द्या, मऊच राहतें.

तयार पुंगळीचें बूड कठीण आणि मान मऊ ठेवतात, आणि त्यास सबळ कारण आहे. चाप ओढतांच पुंगळीच्या आंत वातावरणाच्या तीन हजार पटींहूनहि अधिक दाब उत्पन्न होतो. त्या क्षणीं तिच्या भिंती फुगून बंदुकीच्या कोठीला घट्ट चिकटल्या पाहिजेत. नाहीं तर तप्त वायु मागें नेमबाजाच्या तोंडाकडे उसळेल. दाब उतरतांच त्याच भिंती किंचित् आखडल्या पाहिजेत. नाहीं तर रिकामी पुंगळी कोठींत अडकून बसेल. बुडानें मात्र या साऱ्या गडबडींत आपली जागा सोडतां कामा नये. सैल पडावें, पुन्हां सांवरावें आणि तरीहि स्थिर राहावें, असें हें त्रिविध कार्य बोटाएवढ्या वस्तूला निमिषार्धांत करावें लागतें.

पितळेच्या अंगांत ताण राहून गेला तर काय होतें, याचा धडा जगाला हिंदुस्थानांतच मिळाला. एकोणिसाव्या शतकांत येथील ब्रिटिश सैन्याच्या हालचाली पावसाळ्यांत थंडावत. तेवढ्या काळापुरतीं काडतुसें तबेल्यांत सांठवून ठेवीत. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडाव्या, तों पुष्कळशा पुंगळ्यांना चिरा पडलेल्या दिसत. कोणीं त्यांवर घाव घातला नव्हता, कीं त्या बंदुकींत भरल्या नव्हत्या. सैनिकाचा जीव ज्या काडतुसावर अवलंबून, तें असें बसल्या जागीं निकामी व्हावें, हें मोठेंच कोडें होतें. ऋतुमानाबरोबर येणारा हा दोष म्हणून इंग्रजींत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असें नांव पडलें. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनीं १९२१ सालीं त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रापासून अमोनिया वायु निघतो व दमट हवेंत तो तांब्याशीं संयोग पावतो. तेवढ्यानें ताणरहित पितळेचें फारसें बिघडत नाहीं. पण ओढकामाचा ताण ज्या पितळेंत तसाच राहिला आहे, त्याच्या कणाकणांच्या सांध्यांत शिरून हा वायु त्याला दुभंगतो. दोष एकट्या तबेल्याचा नव्हता आणि एकट्या पुंगळीचाहि नव्हता. दोघांची गांठ पडली म्हणून चीर गेली. सौम्य ताव देऊन आंतला ताण उतरविणें, हा त्यावरील उपाय ठरला.

सैन्याला पुंगळी फुटली नाहीं म्हणजे बव्हंशीं पुरतें. अचूक नेमबाजाला तेवढ्यानें भागत नाहीं. तीनशें मीटरांच्या स्पर्धेंत लक्ष्याच्या सर्वांत आंतील, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १० सेंटीमीटर असतो. तेथें एक पुंगळी दुसरीसारखी नसेल, तर हात कितीहि स्थिर असला तरी गोळी भरकटते. म्हणून अमेरिकेंत व युरोपांतील अनेक देशांत असे नेमबाज आपलीं काडतुसें स्वतःच्या हातानें सिद्ध करतात, आणि नव्याकोऱ्या पुंगळ्यांवरहि प्रथम संस्कार करतात.

आरंभ निवडीपासून होतो. चीर किंवा खोल खोंच असलेली पुंगळी बाजूस काढतात व उरलेल्या तोलून पाहतात. बाहेरील आकार सारखा असतां एक जड भरली, तर तिची भिंत जाड आणि आंतील पोकळी लहान, असा अर्थ होतो. तेवढ्याच दारूनें तींत दाब अधिक होणार. वाहतुकींत बहुतेकांचीं तोंडें चेपतात. तीं तेलाचा हात दिलेल्या गुळगुळीत दांड्यावर बसवून वाटोळीं करतात. नंतर प्रत्येकीची लांबी मापून सर्व एका मापाला कातरतात आणि कापलेल्या तोंडाची धार आंतून व बाहेरून मोडतात. कारण ती धार गोळीचें अंग खरवडते. बुडांतील ठिणगीचें छिद्र दाबून पाडलेलें असेल, तर त्याच्या आंतल्या कडेला कुसळासारखा कीस उरतो. तो ज्वालेला एका बाजूस वळवितो, म्हणून काढून टाकतात. शेवटीं मानेची जाडी चहूंकडून पाहतात. एका अंगास दोन शतांश मिलिमीटर अधिक भरलें, तरी चोखंदळ नेमबाज तें तासून काढतो. कारण विषम मान गोळीला मध्यरेषेवर धरीत नाहीं.

आणि ताव? तो फक्त मानेला व खांद्याला. बुडापर्यंत आंच पोंचली तर बूड मऊ पडेल, आणि मऊ बुडाची पुंगळी म्हणजे हातांतला अपघातच. कित्येक नव्या पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-जांभळी झांक असते. अजाण मनुष्य तिला डाग समजतो. वास्तविक ती ताव दिल्याची खूण आहे. कांहीं कारखानदार गिऱ्हाइकाच्या समजुतीखातर ती घासून पुसून टाकतात. जाणता मात्र ती पाहून निश्चिंत होतो.

हा उद्योग भारतांत घरोघरीं करण्याचा नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें बनवितां येत नाहींत, आणि तें योग्यच आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटरांच्या बंदुकीच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेचें काडतूस आणखी निराळें: स्फोटक त्याच्या बुडाच्या कडेंतच भरलेलें असल्यामुळें तें पुन्हां भरतां येत नाहीं. तेथें नेमबाजाच्या हातीं निवड तेवढी उरते. कोणत्या खेपेचीं काडतुसें आपल्या बंदुकीला मानवतात, हें तो प्रत्यक्ष झाडून पारखतो.

तरीहि या विद्येंतून गृहिणीला घेण्यासारखें कांहीं आहे. साच्यांत दाबून काढलेल्या पितळी भांड्यांतहि ताण राहिलेला असूं शकतो. म्हणून अमोनिया असलेल्या द्रवानें तीं घासूं नयेत, आणि गोठ्याच्या दमट हवेंत वर्षानुवर्षें पडूं देऊं नयेत. चिंच लावावी ती घासून लगेच धुवावी. आंबट पदार्थांत भांडें रात्रभर भिजत राहिलें तर जस्त आधीं विरघळतें आणि तांबूस डाग उमटतात. ज्यांत अन्न शिजवावयाचें त्याला वेळेवर कल्हई लावावी. ‘पितळ उघडें पडणें’ हा वाक्प्रचार मुलामा झिजल्यावरून आला. धातुशास्त्र त्याच्याहि पलीकडे जाऊन सांगतें, कीं उघड्या, लखलखीत पितळेंतहि न दिसणारें पुष्कळ असतें. आणि तें चीर पडण्यापूर्वीं जाणून घेण्यांतच शहाणपण आहे.