जबड्याची बिजागरी

कवीचं सगळं भांडवल तोंडात असतं, असं लोक थट्टेनं म्हणतात. पण ते तोंड ज्या दोन बिजागऱ्यांवर उघडतं-मिटतं, त्यांची आठवण आपल्याला कधी होत नाही. आत्ता दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड हळूच उघडा. बोटाखाली काहीतरी सरकल्याचं जाणवेल. तो खालच्या जबड्याच्या हाडाचा वरचा शेंडा. डॉक्टर त्याला ‘कॉन्डाइल’ म्हणतात. आपण बिजागरी म्हणू.

मी डॉक्टर नव्हे, मराठी घेऊन बी.ए. झालेला कोल्हारचा माणूस आहे. आमचं गाव प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर. उसाचा हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात. काहींना मागे लाल दिवा नसतो, की चमकणारी पट्टी नसते. अंधारात दुचाकीवाला त्यांच्यावर जाऊन आदळतो, आणि पुष्कळदा हनुवटीवर पडतो.

माझा भाचा असाच पडला. रस्त्याच्या कडेला पेरूची गाडी लावणारा सव्वीस वर्षांचा पोरगा. डोक्यावर अर्धं हेल्मेट होतं, त्यामुळे कपाळ वाचलं. हनुवटी फाटली. जवळच्या एका दवाखान्यात पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आणि तो घरी आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, “मामू, माझे दात एकमेकांना भेटतच नाहीत.”

आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. इथं तिसराच प्रकार होता. दात होते, चणेही होते. पण मागच्या दाढा आधी टेकायच्या आणि पुढच्या दातांत फट राहायची. तोंड उघडलं की हनुवटी डावीकडे जायची. गाडीवर रचलेल्या पेरूंपैकी एकही त्याला चावता येत नव्हता.

आमच्या शेजारी, लोणीला, दंत महाविद्यालय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथं केवळ दात काढतात आणि कवळ्या बसवतात, असाच बहुतेकांचा समज असतो. दंत महाविद्यालयात तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग असतो आणि चेहऱ्याची मोडलेली हाडं जोडणं हेही त्याचं काम आहे, ही माहिती गावागावांत पोचायला हवी.

एक्स-रे आणि सीटी स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. हनुवटीवर बसलेला मार हाडातून वर कानापर्यंत जातो. तिथं बिजागरीची मान बारीक असते, ती मोडते. ही एक प्रकारे निसर्गानं ठेवलेली फ्यूज. मान मोडते म्हणून तो शेंडा कवटीच्या तळात घुसत नाही, मेंदू वाचतो. पण मोडलेल्या तुकड्याला आतला स्नायू पुढे आणि आत ओढतो. त्या बाजूची जबड्याची उंची कमी होते, म्हणून दात जुळत नाहीत.

उपचाराच्या दोन वाटा. जुनी वाट म्हणजे वरच्या-खालच्या दातांना तारेच्या पट्ट्या बांधून जबडा काही दिवस मिटवून ठेवायचा, मग रबरांच्या साहाय्यानं हळूहळू हलवायचा. दुसरी वाट म्हणजे कानापुढून किंवा जबड्याच्या कोनामागून छेद घेऊन हाड जागेवर आणायचं आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या स्क्रूंनी बसवायच्या. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या मॅक्सिम शांपी यांनी १९७०च्या दशकात जबड्यासाठी अशा लहान पट्ट्यांची पद्धत रुळवली. स्क्रूची जाडी साधारण २ मिलिमीटर. टायटॅनियम शरीराला मानवतं, त्यामुळे काही त्रास झाला नाही तर पट्टी सहसा काढावी लागत नाही.

मग कोणती वाट धरायची? यावर सर्जन मंडळींत फार वर्षं वाद चालला. २००६ साली उवे एकेल्ट आणि सहकाऱ्यांनी अनेक रुग्णालयांत मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तुकडा १० ते ४५ अंशांत वाकला असेल किंवा जबड्याची उंची २ मिलिमीटर वा अधिक घटली असेल, तर दोन्ही उपचारांनी गुण येतो. पण पट्टी बसवलेल्यांचा गुण सरस, असं त्यात दिसलं. लहान मुलांचं गणित वेगळं. त्यांचं हाड वाढतं असतं, स्वतःला घडवून घेतं. तिथं बहुधा चाकू टाळतात, मात्र तोंडाची हालचाल लवकर सुरू करतात. नाहीतर सांधा कायमचा आखडण्याची भीती असते.

माझ्या बहिणीची भीती मात्र निराळी होती. चेहरा हलवणारी नस त्याच भागातून जाते, तिला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाई, पोराचं हसणं वाकडं झालं तर?” मी काय सांगणार? मी भाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “अम्मी, हसायचं नंतर बघू. आधी ओरडता आलं पाहिजे. न ओरडता पेरू कोण घेतो?” सही त्यानं स्वतःच केली.

शस्त्रक्रियेतली एक गोष्ट मला फार आवडली. आधी दात एकमेकांत नीट बसवून बांधतात, मग हाड जोडतात. म्हणजे मोजमाप बाहेरून आणायचं नाही. दातांची जुनी ओळख हेच माप. त्याला दोन पट्ट्या बसल्या. काही आठवडे डाळीचं पाणी, खिमट, दूध, कुस्करलेली केळी. रोज आरशासमोर तोंड उघडण्याचा व्यायाम. वरचा ओठ एका बाजूनं जरा मंद हलायचा, तो अडीच महिन्यांत सावरला. बहुतेकांची ही दुर्बलता तात्पुरती असते. आज त्याचा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत जातो.

श्रोतेहो, हनुवटीवर मार बसला तर टाक्यांवर समाधान मानू नका. दात पूर्वीसारखे जुळतात का? तोंड उभ्या तीन बोटांइतकं उघडतं का? उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का? कानापुढे दुखतं का, कानातून रक्त आलं का? यातलं एकही लक्षण असेल तर जबड्याच्या सर्जनला दाखवा, आणि लवकर दाखवा. हाड चुकीच्या जागी जुळलं की काम अवघड होतं. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि हेल्मेट घ्याल ते हनुवटी झाकणारं, आयएसआय शिक्क्याचं घ्या. मोटार वाहन कायद्याचं १९८८ सालचं १२९ वं कलम चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट सांगतं. उसाची ट्रॉली चालवणाऱ्या भावांना एवढंच मागणं, की मागे लाल पट्टी लावा. तिची किंमत पेरूच्या एका पाटीहून जास्त नाही.